अ‍ॅसिटिलीनची टाकी आडवी आली आहे. आज जोडू की उद्या?

भात्यापाशी (धागाकर्ता)
सोमवार, सकाळी ९:४०

नमस्कार मंडळी. घरामागच्या शेडमध्ये फाटकं, बाकं, जाळ्या असलं किरकोळ लोखंडी काम करतो. आजवर नुसतं आर्क वेल्डिंग होतं. आता एका मित्राकडून वापरलेला गॅस कटिंगचा संच घेतला आहे आणि दोन टाक्या मागवल्या, एक ऑक्सिजनची आणि एक अ‍ॅसिटिलीनची. आज सकाळी गाडीवाल्याने दोन्ही आडव्या घालून आणल्या, मध्ये दोन रिकामी पोती कोंबून. उतरवताना म्हणाला, "अ‍ॅसिटिलीन उद्या लावा हं." का, असं विचारलं तर "तसंच असतं" म्हणून गाडी वळवून निघून गेला. ऑक्सिजनबद्दल अवाक्षर नाही.

खरंच थांबायचं का? थांबायचं तर कशासाठी? दुसरं म्हणजे दोन्ही टाक्या एका कोपऱ्यात शेजारी-शेजारी उभ्या केल्या आहेत, ते चालेल ना? पत्रा तापवायला एक एलपीजीची टाकीही शेडमध्येच असते. शेडखाली तळघरासारखी खोली आहे. वर गर्दी फार झाली आहे, म्हणून टाक्या तिकडे हलवाव्यात असं डोक्यात आहे. जाणकारांनी सांगावं.

---

फोरमनआजोबा
सोमवार, सकाळी १०:१५

गाडीवाला बरोबर बोलला, पण कारण त्यालाही कुणी सांगितलेलं नसणार.

अ‍ॅसिटिलीनची टाकी आतून पोकळ नसते. तळापासून गळ्यापर्यंत सच्छिद्र, हलक्या दगडासारखा माल भरलेला असतो. त्यात अ‍ॅसिटोन मुरवलेलं असतं आणि गॅस त्या अ‍ॅसिटोनमध्ये विरघळलेला असतो. सोडावॉटरच्या बाटलीत गॅस असतो ना, अगदी तसा. बाटली आडवी धरून झाकण उघडलं तर काय होतं ते तुम्हाला माहीत आहेच. टाकी आडवी राहिली की अ‍ॅसिटोन व्हॉल्व्हकडे सरकतं. तशीच उभी करून लगेच जोडलीत तर गॅसबरोबर अ‍ॅसिटोनही रेग्युलेटरमध्ये आणि नळीत येतं. रबरी भाग खराब होतात, ज्योत थुंकल्यासारखी करते. पण खरा तोटा टाकीचा होतो. अ‍ॅसिटोन कमी झालं की उरलेल्या गॅसला विरघळून राहायला जागा कमी पडते.

जितका वेळ आडवी होती निदान तितका वेळ उभी ठेवायची. आम्ही हिशोब न करता सरळ रात्रभर ठेवायचो. ऑक्सिजनच्या टाकीत नुसताच दाबलेला वायू असतो, तिला आडवं-उभं सारखंच. म्हणून गाडीवाला त्याबद्दल बोलला नाही.

तळघराचा विचार मात्र डोक्यातून काढून टाका. संध्याकाळी सविस्तर लिहितो.

---

शंकेखोर
सोमवार, सकाळी ११:०२

पण एवढा उपद्व्याप कशासाठी? दगड भरा, अ‍ॅसिटोन मुरवा... ऑक्सिजन जसा १५० बारला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या साधारण दीडशेपट दाबाला, दाबून भरतात तसंच अ‍ॅसिटिलीन का भरत नाहीत?

---

रसायनवाली
सोमवार, दुपारी १:३०

कारण दाबलं की ते आपणहून फुटतं. त्याला हवाही लागत नाही.

अ‍ॅसिटिलीनच्या रेणूत दोन कार्बन तिहेरी बंधाने जोडलेले असतात आणि त्या बंधात बरीच ऊर्जा कोंडलेली असते. मोकळ्या अ‍ॅसिटिलीनचा दाब साधारण १ बारच्या (दाबाच्या घड्याळावरच्या) वर गेला की धक्का, उष्णता किंवा एखादी ठिणगी एवढ्यानेही रेणू तुटून कार्बन आणि हायड्रोजन होतो आणि भरपूर उष्णता बाहेर पडते. ती शेजारचे रेणू तोडते, ते पुढचे. म्हणून अ‍ॅसिटिलीनच्या रेग्युलेटरवर कामाच्या दाबाच्या घड्याळात १ बार किंवा १५ पीएसआयच्या पुढे लाल पट्टा असतो. काटा त्या लालात कधीच न्यायचा नाही, काम कितीही अडलं तरी.

विरघळलेल्या अवस्थेत मात्र तोच गॅस १५ बारच्या आसपासही शांत राहतो. सच्छिद्र मालाचं काम असं की कुठे रेणू फुटायला लागलेच तर त्या बारीक छिद्रांमध्ये उष्णता शोषली जाते आणि साखळी तुटते.

अवांतर: हा सच्छिद्र माल बेतण्यात स्वीडनच्या गुस्ताफ दालेन यांचा मोठा वाटा होता. दीपगृहांमध्ये अ‍ॅसिटिलीनचे दिवे लावायचे तर गॅस सुखरूप साठवायला हवा, म्हणून त्यांचा हा खटाटोप. दीपगृहांच्या स्वयंचलित यंत्रणेसाठी त्यांना १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच वर्षी अ‍ॅसिटिलीनच्या टाक्यांची चाचणी घेताना स्फोट झाला आणि त्यांची दृष्टी गेली. पारितोषिक घ्यायला त्यांचे भाऊ गेले. दालेन त्यानंतरही १९३७ साली निधन होईपर्यंत कंपनी चालवत होते. टाकीला हात लावताना मला हटकून त्यांची आठवण होते.

आणखी एक, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. अ‍ॅसिटिलीनच्या वाटेत तांब्याची नळी, तांब्याचा सांधा काहीही लावू नका. तांब्याबरोबर कॉपर अ‍ॅसिटिलाइड तयार होतं. ते वाळलं की नुसत्या घासण्यानेही उडतं. पितळ चालतं, पण तांब्याचं प्रमाण ६५ टक्क्यांच्या आतलं. फुटलेली नळी सांधायला घरात पडलेला तांब्याचा तुकडा वापरणारे बरेच भेटतात.

---

पानेवाला
सोमवार, दुपारी ३:२०

जोडण्याबद्दल थोडं, कारण निम्मी भानगड तिथेच होते.

जळणाऱ्या गॅसचे आटे डावे असतात आणि नटाच्या कडांवर खाचा असतात. ऑक्सिजनचे उजवे. म्हणजे चुकून उलटसुलट लागायला नको. नट बसत नसेल तर जोर लावू नका, बहुधा तुमच्या हातात दुसऱ्याच गॅसचा रेग्युलेटर आहे. रेग्युलेटर लावण्याआधी त्याचा स्क्रू सैल करून ठेवा, मग टाकी उघडा, तीही सावकाश, आणि घड्याळासमोर तोंड न करता बाजूला उभं राहून. अ‍ॅसिटिलीनची चावी एक ते दीड फेरीच उघडायची आणि पाना स्पिंडलवरच (व्हॉल्व्हच्या फिरणाऱ्या दांडीवरच) ठेवायचा. गडबड झाली तर पाना शोधत बसायला वेळ नसतो. ऑक्सिजन मात्र पूर्ण उघडायचा, कारण त्याचा व्हॉल्व्ह अर्धवट उघडा राहिला तर स्पिंडलपाशी गळू शकतो.

दोन्ही नळ्यांना फ्लॅशबॅक अरेस्टर, म्हणजे ज्योत नळीत उलटी शिरली (फ्लॅशबॅक) तर तिला अडवणारे तुकडे, हवेतच. वापरलेला संच आहे म्हणालात, तर नळ्या वाकवून बघा, बारीक भेगा दिसतील. दिसल्या तर नळ्या फेका.

टाकीवरून गॅस ओढण्यालाही मर्यादा आहे. जुना नियम असा की तासाला टाकीतल्या गॅसच्या सातव्या भागाहून जास्त ओढायचा नाही. हल्ली दहावा भाग सांगतात. मोठं तापवायचं नोझल छोट्या टाकीला लावलंत की परत तेच, अ‍ॅसिटोन ओढलं जातं.

---

दणकट
सोमवार, दुपारी ४:०५

एवढं घाबरवू नका हो नवख्या माणसाला. मी २० वर्षं काम करतोय. ऑक्सिजनचा रेग्युलेटर घट्ट बसला तर आट्यांना बोटभर ग्रीस लावतो, गळत असेल तर टेफ्लॉनची टेप गुंडाळतो. काही झालेलं नाही.

---

फोरमनआजोबा
सोमवार, संध्याकाळी ७:१०

दणकट, तुमचं नशीब दणकट आहे, आट्यांचा त्यात काही हात नाही.

१५० बारचा ऑक्सिजन एकदम सोडलात की तो रेग्युलेटरच्या तोंडाशी असलेल्या चिमूटभर जागेत जाऊन आदळतो. सायकलच्या पंपाचं टोक बोटाने दाबून भाता मारला की पंप तापतो ना, तेच इथे शेकडो अंशांपर्यंत जातं, आणि तेही डोळ्याचं पातं लवायच्या आत. त्या जागी तेल-ग्रीसचा अंश असला तर तो पेटतो. आणि शुद्ध ऑक्सिजनमध्ये पेटलेली गोष्ट थांबत नाही, रेग्युलेटरचं धातूही जळतं. मी एकदा असा रेग्युलेटर बघितला आहे. एका बाजूने मेण वितळावं तसा ओघळला होता. उघडणारा माणूस बाजूला उभा होता म्हणून वाचला, हाताला भाजलं तेवढंच. त्या दिवशी त्याने यंत्राला वंगण घालून त्याच हातमोज्यांनी चावी फिरवली होती. एवढंच कारण.

टेपचं म्हणाल तर हा सांधा धातूवर धातू बसून बंद होतो, आट्यांवर नाही. टेपने गळती थांबत नाही, उलट तिचे कण आत जातात. गळत असेल तर बैठक पुसून बघा, चरे पडले असतील तर टाकी परत करा.

आता साठवण. ऑक्सिजन आणि जळणारा गॅस एका ट्रॉलीवर, कामाला जोडलेले, हे चालतं. पण साठवून ठेवायच्या टाक्या वेगळ्या हव्यात. बऱ्याच नियमावलींत मधलं अंतर सुमारे ६ मीटर सांगितलेलं असतं, किंवा मध्ये दीड मीटर उंचीची, अर्धा तास आग सोसेल अशी भिंत. कारण साधं आहे. दोन्ही एकत्र असल्या आणि एक गळली, तर आगीला लागणाऱ्या दोन्ही गोष्टी तुम्हीच शेजारी आणून ठेवलेल्या असतात.

प्रत्येक टाकीला साखळी. सुतळी नाही, तार नाही. मध्याच्या वर, भिंतीला पक्क्या बसवलेल्या कडीत. वापरात नसेल तेव्हा व्हॉल्व्हवर टोपी. ऑक्सिजनची टाकी आडवी पडून व्हॉल्व्ह मोडला तर ती रॉकेटसारखी सुटते आणि विटांची भिंत तिला अडवू शकत नाही. तुमच्या टाक्या गाडीत आडव्या आल्या तेव्हा टोप्या होत्या का, हे आधी सांगा.

---

भात्यापाशी
सोमवार, संध्याकाळी ७:४५

ऑक्सिजनला होती. अ‍ॅसिटिलीनला नव्हती. 😐

तळघराचं राहिलं.

---

बंबवाला
सोमवार, रात्री ९:००

तळघराचं मी सांगतो, आमच्या रोजच्या कामातलं आहे.

एलपीजी म्हणजे प्रोपेन-ब्युटेन. हवेपेक्षा दीड ते दोनपट जड. गळला की वर उडून जात नाही, पाण्यासारखा जमिनीवरून वाहतो, पायरी उतरतो, गटारात शिरतो, खड्ड्यात साचतो. त्यातून टाकीत तो द्रव असतो. एक लिटर द्रवाचा साधारण २५० लिटर वायू होतो. हवेत २ टक्के मिसळला की पेटायला पुरतो. म्हणजे एका लिटरमधून साडेबारा घनमीटर पेटणारी हवा तयार होते. एक लहान खोली भरली. आणि तळघरात तो जाणार कुठे? वारा नाही, दार वरच्या पातळीवर, खाली तुम्ही दिव्याचं बटण दाबणार.

म्हणून एलपीजी जमिनीच्या पातळीवर, उभी, शक्यतो बाहेर सावलीत, गटाराच्या तोंडापासून आणि खालच्या खिडक्यांपासून लांब. पन्नास अंशांच्या वर तापेल अशा जागी कुठलीच टाकी नको. अ‍ॅसिटिलीन हवेपेक्षा किंचित हलकं आहे, पण ते हवेत अडीच टक्क्यांपासून थेट ८० टक्क्यांच्या वर कुठल्याही प्रमाणात पेटतं. एलपीजी निदान साडेनऊ टक्क्यांच्या वर गेला की पेटत नाही. अ‍ॅसिटिलीनला तशी सवलत नाही.

---

शंकेखोर
सोमवार, रात्री ९:२०

पण वास येतोच की. गळती झाली तर कळेल.

---

बंबवाला
सोमवार, रात्री ९:५०

एलपीजीचा वास गॅसचा नाही, मुद्दाम घातलेल्या मर्कॅप्टन नावाच्या उग्र वासाच्या रसायनाचा. १९३७ साली टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात शाळेखाली साचलेला नैसर्गिक वायू पेटला आणि जवळपास ३०० जण गेले, बहुतेक मुलं. त्या वायूला वास नव्हता, कुणाला काही कळलंच नाही. वास घालण्याची सक्ती त्यानंतर आली.

वास उपयोगी आहेच. पण नाक थोड्या वेळाने त्या वासाला सरावतं, सर्दी असली की येतच नाही, आणि जमिनीलगत साचलेला वायू उभ्या माणसाच्या नाकापर्यंत उशिरा पोचतो. जोडणी केली की दर वेळी साबणाचा फेस लावून बघायचा, बुडबुडे आले की गळती. काडी पेटवून बघणारे अजून आहेत. (ऑक्सिजनच्या सांध्यावर तेलकट साबण नको, त्यासाठीचं वेगळं द्रावण मिळतं.) वास आलाच तर कुठलंही बटण चालूही करायचं नाही आणि बंदही. दोन्ही वेळी ठिणगी पडते.

---

रसायनवाली
सोमवार, रात्री १०:१५

आमच्या प्रयोगशाळेत हायड्रोजन असतो, त्याला ना वास ना रंग. त्याची ज्योत दिवसाउजेडी डोळ्यांना दिसतही नाही. जुने लोक संशय आला की कोरडा झाडू पुढे धरून चालायचे, झाडू पेटला की ज्योत तिथे. त्याला पेटायला लागणारी ठिणगी इतकी लहान की अंगावरच्या स्थिर विजेचीही पुरते. इतर टाक्यांचा व्हॉल्व्ह रेग्युलेटर लावण्याआधी क्षणभर किंचित उघडून धूळ उडवतात, ते हायड्रोजनला कधीच करायचं नाही. बाहेर पडतानाच पेटू शकतो.

धागाकर्त्याचा याच्याशी संबंध नाही, पण "टाकी म्हणजे टाकी" असं म्हणणारे इथे येऊन वाचतात म्हणून लिहिलं.

---

शंकेखोर
मंगळवार, सकाळी ८:३०

शेवटची शंका (बहुतेक). रिकाम्या टाक्या तरी कुठेही ठेवल्या तर चालतील ना?

---

पानेवाला
मंगळवार, सकाळी ९:१०

रिकामी म्हणजे काय हो? बाहेरच्या हवेइतका दाब उरला म्हणून गॅस यायचा थांबला, एवढंच. आत गॅस भरलेलाच असतो. व्हॉल्व्ह उघडा ठेवलात तर दिवसा ऊन पडलं की टाकी थोडा गॅस सोडते, रात्री गार झाली की हवा ओढते. आठवडाभरात आत पेटणारं मिश्रण तयार. म्हणून थोडा दाब शिल्लक असतानाच टाकी बदलायची, व्हॉल्व्ह बंद, टोपी घट्ट, खडूने "रिकामी" लिहायचं आणि भरलेल्यांपासून वेगळी ठेवायची. बाकी वागणूक भरलेल्या टाकीसारखीच.

रिकामी टाकी कापून भट्टी किंवा शेगडी करायचे व्हिडिओ बघून कुणाला सुरसुरी येत असेल तर ती इथेच जिरवा. टाकी भाड्याची असते, ही गोष्ट वेगळीच.

एलपीजी संपत आली का हे दाबाच्या घड्याळावर कळत नाही, तेही सांगून टाकतो. आत थेंबभर द्रव असेपर्यंत दाब जवळपास तोच राहतो, तो ठरतो तापमानावर. वजन करा, टाकीच्या पट्टीवर कोरलेलं रिकामं वजन वजा करा. त्याच पट्टीवर पुढच्या तपासणीची तारीख असते, ती उलटून गेली असेल तर टाकी घेऊच नका. आणि गॅस जोरात ओढल्याने टाकीवर बर्फ जमला तर टॉर्चने शेकू नका. कोमट पाणी, किंवा दुसरी टाकी जोडीला.

---

निळीज्योत
मंगळवार, सकाळी ११:४०

रंगावरून टाकी ओळखण्याबद्दल कुणीच बोललं नाही. रंग देशागणिक बदलतात, जुन्या टाक्या पुन्हा रंगवलेल्या असतात. लेबल वाचायचं. लेबल नसेल तर टाकी परत. बाकी धागा मस्त, वाचनखूण साठवली.

---

भात्यापाशी
मंगळवार, दुपारी १२:०५

आग लागलीच तर? टाकीवर पाणी मारायचं का?

---

बंबवाला
मंगळवार, दुपारी २:२०

व्हॉल्व्हपाशी छोटी ज्योत असेल आणि हात भाजल्याशिवाय चावी बंद करता येत असेल तर बंद करा, ज्योत आपोआप जाईल. चावी बंद होत नसेल तर ज्योत विझवू नका. जळणारी गळती डोळ्यांना दिसते. विझवलेली गळती शेडभर पसरते आणि कुठेतरी पुन्हा पेटते, तेव्हा तुम्ही तिच्या मधोमध असता.

एलपीजीच्या टाकीला बाहेरून आग लागली तर द्रव जिथपर्यंत आहे तिथपर्यंतचा पत्रा द्रवामुळे थंड राहतो. वरचा कोरडा पत्रा तापून मऊ होतो आणि आतला दाब तो फाडतो. सगळा द्रव एका क्षणात उकळतो आणि आगीचा गोळा होतो. सुरक्षा व्हॉल्व्ह शिट्टी मारत गॅस सोडत असला तरी हे होऊ शकतं. १९८४ साली मेक्सिको सिटीजवळ सान हुआनिको इथल्या एलपीजीच्या साठ्यात हेच एकामागून एक होत गेलं, सुमारे ५०० माणसं गेली. तिथे अवाढव्य टाक्या होत्या, पण लहान टाकीतही घडतं हेच.

अ‍ॅसिटिलीनचं आणखी वेगळं. आग विझली, टाकी शाबूत दिसते, तरी आत रेणू फुटणं सावकाश चालू असू शकतं. त्याला हवा लागत नाही हे वर आलंच आहे. म्हणून आगीत सापडलेली अ‍ॅसिटिलीनची टाकी जुन्या पद्धतीत २४ तास पाण्याने गार करायचे. आपण स्वतः ती हलवायची नाही, जवळ जायचं नाही. फ्लॅशबॅक झाल्यावर टाकीचं अंग आपोआप गरम लागायला लागलं तरी हेच. शक्य असेल तर चावी बंद, सगळ्यांना बाहेर काढा, लांब जा, २०० मीटर म्हटलं तरी जास्त नाही. फोनवर पहिल्या वाक्यात "अ‍ॅसिटिलीन आहे" हे सांगा. आम्ही कुठून शिरायचं, किती लांब उभं राहायचं, सगळं त्या एका शब्दावर ठरतं. शेडच्या दारावर बाहेरून ठळक लिहून ठेवा, कारण फोन करणारे तुम्हीच असाल असं नाही.

---

दणकट
मंगळवार, संध्याकाळी ५:३०

ग्रीसचं मागे घेतो. रेग्युलेटरची बैठक आज उघडून पुसली, कापूस काळा निघाला.

---

भात्यापाशी
मंगळवार, रात्री ८:५०

सगळ्यांचे आभार. काय-काय केलं ते सांगतो.

एलपीजी बाहेर, पत्र्याच्या सावलीत. तळघर रद्द. अ‍ॅसिटिलीन कालपासून उभी आहे, साखळी लावली. ऑक्सिजन तूर्त शेडच्या दुसऱ्या टोकाला, अंतर पावलांनी मोजलं, ६ मीटर भरतं. ट्रॉली येईपर्यंत काम बंद. दारावर लाल रंगाने लिहिलं, अक्षर वाईट आलं पण रस्त्यावरून वाचता येतं.

रसायनवाली, तुमचा प्रतिसाद वाचून मित्राने दिलेल्या नळ्या नीट बघितल्या. अ‍ॅसिटिलीनच्या लाल नळीला मध्यावर वरून इन्सुलेशन टेप होती. सोलली तर आत वीतभर तांब्याची नळी, दोन्ही बाजूंनी तारेने आवळलेली. मित्राला फोन केला. त्यालाही माहीत नव्हतं, त्यानेही ती कुणाकडून तरी घेतली होती. दोन्ही नळ्या नव्या मागवल्या, अरेस्टरसकट.

---

रसायनवाली
मंगळवार, रात्री ९:०५

तो सांधा वाळवू नका, घासू नका, उघडून आत बघायच्या फंदात पडू नका. नळीसकट पाण्यात बुडवून ठेवा आणि गॅस पुरवणाऱ्याला विचारून त्याच्याच हवाली करा.

---

भात्यापाशी
मंगळवार, रात्री ९:२५

बादलीत टाकला आहे, बादली अंगणाच्या टोकाला. गाडीवाला उद्या घेऊन जाईल.

त्यालाच फोन केला होता, पुढच्या वेळी उभी आणा आणि टोपीसकट आणा म्हणून. का ते सांगताना आजोबांचं सोडावॉटर जसंच्या तसं ऐकवलं. थोडा वेळ पलीकडून आवाजच नाही. मग म्हणाला, "म्हणजे मी इतकी वर्षं खांद्यावरून दगड वाहतोय होय?"